घुसमट ऑक्सिजन संपल्याची नसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौदा वर्षांचा मुलगा तरण तलावावर जातो. तिथली मोठी मुलं पाण्याखालून अख्खी लांबी मारायच्या आधी काठावर उभी राहून वीस-पंचवीस वेळा भराभर श्वास घेतात आणि ‘ऑक्सिजन भरून घेतो’ म्हणतात. मुलानं घरी ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्क्यांचा ९९ झालेलाही दाखवला. तर हे योग्य आहे का?

योग्य नाही, आणि आजच बंद करायला लावा. पण नुसतं ‘करू नकोस’ म्हटलेलं त्या वयात कोण ऐकतं? म्हणून कारण नीट सांगतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, त्यामुळे जरा लांबेल.

आधी त्या ९९ चा हिशेब करू. १०० मिली रक्तात साधारण २० मिली ऑक्सिजन मावतो, आणि तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो. नुसता विरघळलेला असतो तो जेमतेम ०.३ मिली. ९७ वरून ९९ वर जाणं म्हणजे १०० मिलीमागे ०.४ मिलीची भर. धमन्यांतलं रक्त लिटरभर धरलं तर एकूण कमाई झाली ४ मिली. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन वापरतो. म्हणजे एवढ्या खटाटोपातून रक्तात जमा झाला तो एका सेकंदाचा ऑक्सिजन! फुप्फुसातल्या हवेत त्याचं प्रमाण थोडं वाढतं हे खरं, पण पाण्याखाली हातपाय मारायला लागलं की ती भरही काही सेकंदांत खलास.

मग त्या मुलांना खरंच जास्त वेळ दम धरता येतो, तो कसा? भराभर श्वासांनी आत काही भरलेलं नसतं, बाहेर टाकलेलं असतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, आपण सोडलेल्या हवेत सुमारे ४ टक्के. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब नेहमी ४० मिमीच्या (पाऱ्याच्या) आसपास असतो. जोरजोरात श्वास घेतले की तो बघता बघता निम्म्यावर येतो. आणि श्वास घ्यायची निकड, ते छातीत दाटून येणं, जीव कासावीस होणं, हे सगळं मुख्यतः त्याच्यावर चालतं. मेंदूच्या तळाशी, मानेकडच्या भागात काही पेशी आहेत. कार्बन डायऑक्साइड रक्तातून तिथल्या द्रवात सहज शिरतो, द्रव किंचित आम्लधर्मी होतो, आणि त्या पेशी श्वासपटलाला कामाला लावतात. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे पहारेकरीही आहेत, मानेतल्या धमन्यांजवळ. हे पहारेकरी कसे काम करतात ते शोधल्याबद्दल कोर्नेल हायमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० च्या आसपास उतरेपर्यंत हे पहारेकरी फारशी ओरड करत नाहीत.

कुकरची शिट्टी वाफेच्या दाबावर होते, आत पाणी किती उरलं हे तिला ठाऊक नसतं. वाफ सतत सोडत राहिलात तर शिट्टी होणारच नाही आणि पाणी मात्र आटून जाईल. तलावाच्या तळाशी नेमकं हेच होतं. पोरगा कार्बन डायऑक्साइड २० वर आणून पाण्यात शिरतो. तो वायू पुन्हा घुसमट होण्याच्या पातळीला पोहोचायला वेळ लागतो. मधल्या काळात स्नायू ऑक्सिजन ओढत असतात, आणि ऑक्सिजन शुद्ध टिकण्याच्या पातळीखाली जातो तेव्हा इशारा आलेलाच नसतो. धडपड नाही, हात वर करणं नाही. कधी कधी तर शुद्ध हरपल्यावरही एक-दोन हात मारले जातात, त्यामुळे वरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान चाललाय! अमेरिकेत आल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली पाण्याखाली बेशुद्ध पडलेल्या पोहणाऱ्यांबद्दल लिहिलं ते याच कारणावर बोट ठेवून. त्यात पट्टीचे पोहणारे होते. नवशिका एवढं ताणतच नाही, म्हणून हा धोका चांगलं पोहणाऱ्यालाच जास्त. आणि चार फूट पाण्यातही तो तेवढाच आहे.

हे कळलं कसं, ते सांगायचा मोह आवरत नाही. ऑक्सफर्डचे जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी १९०५ साली एक साधी युक्ती केली. लांब नळीत जोरात श्वास सोडायचा, शेवटी जिभेनं नळीचं तोंड बंद करायचं, आणि तोंडालगतची हवा काढून तपासायची. ती सगळ्यात शेवटी आलेली, म्हणजे थेट फुप्फुसातल्या बारीक फुग्यांतली, वायुकोशातली. हा प्रयोग त्यांनी स्कॉटलंडच्या बेन नेव्हिसच्या माथ्यावर केला, कॉर्नवॉलच्या खाणीच्या तळाशी केला, दाब वाढवलेल्या खोलीत केला. ऑक्सिजनचा दाब जागेप्रमाणे बदलत होता. कार्बन डायऑक्साइडचा जवळपास तोच. शरीर कशाला जपतंय ते उघड झालं. (याच हाल्डेनांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि शेवटी भुवनेश्वरला वारले.)

मात्र कार्बन डायऑक्साइड हा एकटाच कारभारी आहे असंही समजू नका. दम धरून अगदी असह्य झालं की आपणच सोडलेल्या हवेच्या पिशवीतून दोन-चार श्वास घेतले, तर पुन्हा थोडा वेळ दम धरता येतो, जरी त्या हवेत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असला तरी. फाउलर यांनी १९५४ साली हे दाखवलं. छातीच्या नुसत्या हालचालीनंही निकड थोडी शमते. पण आपल्या प्रश्नापुरता पहिला मुद्दाच महत्त्वाचा.

एका प्रतिसादात कुणी विचारलंय की कपालभाती जोरात केली की ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, ते ऑक्सिजन वाढल्यानं का? उलट आहे. कार्बन डायऑक्साइड घसरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून गरगरतं. रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून मुंग्या आणि कधी बोटं आखडणं. बसून केलंत तर थांबल्यावर दोन मिनिटांत सगळं जागेवर येतं. पाण्यात किंवा तलावाच्या काठावर मात्र हा प्रकार नको. प्राणायामाला माझा विरोध नाही, जागेला आहे.

हीच गोष्ट विहिरीत आणि सेप्टिक टँकमध्ये जीव घेते. हवेत ऑक्सिजन कमी असेल पण कार्बन डायऑक्साइड साचलेला नसेल, तर आत उतरलेला माणूस व्यवस्थित श्वास घेत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, आणि घुसमट न होताच तो कोसळतो. काढायला म्हणून दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. टाक्यांत विषारी वायू असतात ते वेगळंच.

आता मुलाला काय सांगायचं ते. बुडी मारण्याआधी नेहमीसारखे दोन-तीन शांत श्वास, मग एक मोठा, बस्स. श्वास घ्यावासा वाटला की वर यायचं, ‘अजून दोन हात’ नाही. पाण्याखाली किती वेळ राहतो याच्या पैजा बंद. एकट्यानं तर मुळीच नाही. काठावर कुणीतरी फक्त त्याच्याकडेच बघणारं हवं. प्रशिक्षकच भराभर श्वास घ्यायला सांगत असतील तर हे त्यांना वाचायला द्या, आणि तरी ऐकत नसतील तर तलाव बदला.

आणि कुणी तळाशी निपचित दिसलंच, तर लगेच बाहेर काढा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं तर अजिबात धरू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या आणि मग छातीवर दाब सुरू करा. हृदय अचानक बंद पडलं तर आधी छाती दाबायला शिकवतात, पण इथे संपलाय तो ऑक्सिजन, म्हणून सुरुवात श्वासानं.