वाचकांचे प्रश्न : खलिफा उमर यांची तनख्याची वही

प्रश्न : इराक जिंकल्यावर खलिफा उमर यांनी सैनिकांना जमिनी न वाटता सालीना तनखा लावून दिला. असे का? रकमा कशा ठरल्या?

उत्तर : सैनिकांना जमीनच हवी होती. लुटीचा पाचवा हिस्सा सरकारात आणि बाकीची लढणाऱ्यांत, हा रूढ नियम जमिनीलाही लावा, असा आग्रह पैगंबरांचे सोबती बिलाल यांच्यासारख्या ज्येष्ठांनीही धरला. उमर यांचे म्हणणे, आज सगळे वाटून टाकले तर मागून येणाऱ्यांना काय उरणार आणि सीमेवरच्या फौजा पोसायच्या कशावर? म्हणून जमीन कसणाऱ्याकडेच ठेवली. उस्मान बिन हुनैफ यांनी मोजणी केली आणि गव्हाला जरीबमागे (इथे हे जमिनीचे माप) 4 दिरहम (चांदीचे नाणे), जवाला 2 असा सारा बसवला. उमर यांच्या कारकिर्दीतला (634–644) हा सर्वांत दूरदर्शी निर्णय, असे आमचे मत आहे.

साऱ्यातून तनखा द्यायचा तर नावांची वही हवी. ती कुळे जाणणाऱ्या तिघांनी लिहिली : अकील, मखरमा आणि जुबैर बिन मुतइम. कारकुनांनी खलिफांचे कूळ वर घातले, तेव्हा उमर यांनी ते खोडायला लावले. क्रम पैगंबरांशी असलेल्या नात्याच्या जवळिकीनेच लागला. मक्केवाल्यांशी झालेल्या पहिल्या मोठ्या, बद्रच्या लढाईत असलेल्यांना सालीना 5000 दिरहम, त्यानंतर हुदैबियाच्या तहापर्यंत आलेल्यांना 4000, आणि पुढे उतरत्या रकमा. निरनिराळ्या बखरींत आकडे थोडे बदलतात. स्वतःच्या मुलापेक्षा उसामा बिन झैद यांना त्यांनी जास्त दिले, कारण उसामा पैगंबरांचे अधिक लाडके होते.

रोख रकमेखेरीज धान्यही मिळे. ते किती द्यायचे, हे उमर यांनी करून पाहिले. एक जरीब (इथे हे धान्याचे माप) पीठ मळून भाकरी भाजल्या, तीस माणसांना दुपारी जेवू घातले. रात्री पुन्हा तितकेच. तीस जणांचा एक दिवस म्हणजे एकाचा महिना, म्हणून दरडोई महिना दोन जरीब.

दोष होता तो श्रेणींत. उमर यांच्या आधीचे खलिफा अबू बक्र सर्वांना समान वाटत. इथे मात्र जुन्या-नव्यांतले अंतर वहीतच कायम झाले. पुढच्या साली सगळ्यांना सारखे करीन, असे उमर अखेरीस म्हणाल्याची नोंद आहे. त्याआधीच 644 मध्ये त्यांची हत्या झाली.

प्रश्न : तान्ह्या मुलांनाही तनखा होता का?

उत्तर : आधी तो दूध तुटल्यावर सुरू होई. त्यामुळे आया मुलांचे दूध लवकर तोडू लागल्या. हे कळताच उमर यांनी जन्मापासूनच 100 दिरहम लावले आणि घाईने दूध तोडू नका, अशी दवंडी पिटवली.