वाचकांचे प्रश्न: बोटीचं स्टिअरिंग जड झालंय, सगळा सेट बदलू का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी वर्सोव्याला राहतो. १८ फुटी फायबरची जुनी बोट आहे, मागे ६० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन, स्टिअरिंग केबलवालं. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवलेली, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात टाकली तर चाक दोन्ही हातांनी फिरवावं लागतंय, उजवीकडे तर जास्तच. चाकाच्या मागे तेल सोडून बघितलं, काही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो केबल, गिअर सगळं नवीन टाका. टाकू का?

उत्तर: दादा, थांबा, अजून पैसे काढू नका. आणि दुसरी गोष्ट, तोपर्यंत बोट खाडीबाहेर नेऊ नका. जड स्टिअरिंग जोर लावून चालवायचं नसतं, कारण तो सगळा जोर केबलवर जातो आणि केबल तुटली की वर्सोवा-मढच्या मधे ओहोटीच्या ओढीत तुमच्या हातात नुसतं फिरणारं चाक राहतं, इंजिन चालू असून उपयोग नाही.

तुम्ही तेल चाकाच्या मागे सोडलंत, पण दुखणं बहुतेक तिथे नसतंच, ते मागे इंजिनाजवळ असतं. केबलच्या टोकाला स्टीलचा दांडा असतो, तो इंजिनाच्या आडव्या नळीतून आतबाहेर करतो, तिला टिल्ट ट्यूब म्हणतात. दांड्यापासून इंजिनापर्यंत एक छोटी पट्टी किंवा रॉड असतो तो लिंक आर्म. आता या नळीतलं ग्रीस म्हातारं होतं, त्यात खारं पाणी शिरतं, बोट दोन-तीन महिने जागेवर उभी राहिली की ते सुकून घट्ट बसतं. म्हणून पावसाळ्यानंतरच ही तक्रार जास्त येते.

तर पहिलं काम, लिंक आर्मचा बोल्ट काढून इंजिन स्टिअरिंगपासून सुटं करा. मग इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकला. ते जड असेल तर इंजिनाच्या उभ्या पिनेत ग्रीस नाही, तिथली ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, शोधून ग्रीस गनने भरा, जुनं काळं ग्रीस वरखालून बाहेर येईपर्यंत, आणि भरताना मधेमधे इंजिन हलवत राहा. इंजिन हलकं फिरतंय आणि चाक मात्र अजून जडच, तर गडबड केबल, नळी किंवा चाकामागच्या गिअरमधे. एवढ्या एका बोल्टवर अर्धा निकाल लागतो आणि पैसा एक लागत नाही.

हे मी एवढं सांगतोय कारण मी स्वतः उलटं केलं होतं. एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून आधी नवी केबल टाकली, दोन दिवस चाक लोण्यासारखं फिरलं, आणि दोन महिन्यांत परत तेच. शेवटी दांडा बाहेर ओढला तर नळीतून डांबरासारखा चिकट काळा गोळा निघाला, बोटांत चोळला की मिठाचे कण करकर लागत होते. नवी केबल त्याच घाणीत घातली होती, नळी कोणी साफच केली नव्हती.

नळी साफ करायची तर केबलच्या बाजूचं मोठं नट सोडवायचं आणि दांडा पूर्ण बाहेर काढायचा. नट गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा. दांडा अडकला असेल तर लोखंडी हातोडा थेट मारू नका, टोक चेपलं की तो नळीतून निघणारच नाही, लाकडाचा ठोकळा मधे धरून हळूहळू ठोका. आग लावून तापवायचं तर अजिबात नाही, बाजूला पेट्रोलची टाकी आहे. दांडा बाहेर आला की एकदा चाक फिरवून बघा. आता हलकं फिरतंय? मग केबल ठीक आहे, नळीच दोषी. तरीही जड? मग केबल गिअरपासून सोडवा, नुसता गिअर फिरवा, तो हलका फिरला तर केबल गेलीय.

नळीत तारेचा गोल ब्रश घाला, रॉकेल घालून आरपार चालवा, फडकं एखाद्या काठीला गुंडाळून ओढा, जोपर्यंत फडकं पांढरं निघत नाही. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर घासून वापरू नका, तो तुमच्या नळीचा परत सत्यानाश करेल. मग दांड्याला आणि नळीला आतून मरीन ग्रीस लावा, गाडीचं साधं ग्रीस खाऱ्या पाण्यात टिकत नाही. आणि नीट ऐका, नळीला निप्पल असेल तर दांडा पूर्ण आत ओढलेला असतानाच ग्रीस भरा, बाहेर असताना भरलं तर आतली जागा ग्रीसने भरून जाते आणि दांडा आत येतच नाही, स्टिअरिंग आधीपेक्षा जाम होतं.

केबलच गेली असेल तर तिच्यात तेल-ग्रीस सोडायच्या भानगडीत पडू नका, ती बंद असते, आत पाणी गेलं की तार गंजते आणि बाहेरचं प्लास्टिक फुगतं किंवा तडकतं, केबलवरून हाताचं बोट फिरवून बघा म्हणजे कळेल. जुनी केबल काढून सोबतच घेऊन जा, लांबी फुटांत असते, बऱ्याच केबलवर छापलेल्या नंबरचे शेवटचे दोन आकडे म्हणजे तेवढे फूट. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखाना भागात सुट्या सामानाच्या दुकानांत आधी फिरा, पण वापरलेली केबल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बसवताना वळण ८ इंचांपेक्षा तंग नको. आणि लिंक आर्मचं नायलॉन बसवलेलं नट एकदा काढलं की परत वापरायचं नाही, नवीनच घाला. ते सुटलं की इंजिन स्वतःच्या मर्जीने फिरतं.

प्रश्न: गोराईहून. माझं चाक हळू असताना हलकं, पण वेग वाढवला की बोट सारखी उजवीकडे ओढते.

उत्तर: ही वेगळी गोष्ट आहे, ग्रीसने जाणार नाही. प्रॉपेलर ज्या बाजूला फिरतो त्याची ओढ चाकाला लागते. प्रॉपेलरच्या वर, इंजिनाच्या पोटाशी माशाच्या कल्ल्यासारखं एक छोटं पातं असतं, त्याला ट्रिम टॅब म्हणतात. त्याचा बोल्ट सैल करा, मागचं टोक थोडंसं उजवीकडे, म्हणजे ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला वळवा, घट्ट करा आणि पाण्यात चालवून बघा. एकदम जास्त नका फिरवू, नखभर फरकाने सुद्धा चाक बदलतं.