झाड वाढले की पट्टी बदलली?

प्रिय मित्रा,

दीर्घकालीन निरीक्षणाच्या जाळ्यात, म्हणजे निसर्ग आणि वस्ती यांची वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने मोजणी करणाऱ्या केंद्रांच्या गटात, तुमचे केंद्र सामील होते आहे आणि काय काय मोजायचे याची यादी तू पाठवलीस. 47 गोष्टी आहेत. दहाएक ठेव. तिसऱ्या-चौथ्या वर्षी निधी आटतो, माणसे बदलतात, तेव्हाही जे चालू ठेवता येईल तेवढ्यालाच हात घाल. मधेमधे तुटलेल्या नोंदींच्या 40 मालिकांपेक्षा सलग चाललेल्या 8 कितीतरी कामाच्या.

या कामात एकच प्रश्न पुन्हापुन्हा आडवा येतो: दिसणारा फरक जंगलात, नदीत, वस्तीत झाला आहे, की आपल्या मोजण्यात? जाळ्यातले कंटाळवाणे वाटणारे सगळे नियम या प्रश्नापोटीच आले आहेत.

झाडाच्या खोडाचेच बघ. जाडी जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजायची, उतार असेल तर वरच्या बाजूला उभे राहून. बुंध्याला आधाराची, फळीसारखी पसरलेली मुळे असतील तर त्यांच्या वर जायचे आणि ती उंची वहीत लिहायची. मोजलेल्या जागी रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या वेळी वेगळ्या माणसाची टेपही तिथेच बसेल. क्रमांकाचा बिल्ला मात्र त्या रेघेवर ठोकू नकोस. खिळ्याभोवती खोड फुगते आणि काही वर्षांनी झाड भलतेच भरल्यासारखे दिसते. काही टेपांवर घेर असतो, काहींवर थेट व्यास. कुठली वापरली ते लिहिले नाही तर आकडा तिपटीहून जास्त चुकतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. टेप हातभर खाली घसरली तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही, खरी भीती त्याची.

कधी कधी झाड आधीपेक्षा बारीक झालेले निघेल. कोरड्या दिवसांत पाणी कमी झाले की खोड थोडे आकसतेच, म्हणून मोजणी दरवेळी एकाच ऋतूत कर. उरलेला उणे आकडा बहुधा मोजणाऱ्याच्या हातचा असतो. तो खोडून टाकायचा मोह होईल, पण खोडू नकोस. जास्त मोजल्याच्या चुका तशाच राहतात, कमी मोजल्याच्या तेवढ्या जातात, आणि सगळे जंगल खऱ्यापेक्षा वेगाने वाढताना दिसते. त्याऐवजी शंभरातली पाच झाडे दुसऱ्याकडून, पहिला आकडा न दाखवता, पुन्हा मोजून घे. आपल्या हाताची चूक किती, ते त्यातून कळते.

साहित्यही दगा देते. पालापाचोळा किती वेगाने कुजतो हे ठिकठिकाणी ताडून पाहायला ग्रीन टी आणि रुइबोस (चहासारखी उकळून प्यायची एक वनस्पती) यांच्या ठरावीक पुड्या 8 सेंटीमीटर खोल पुरून सुमारे 90 दिवसांनी काढतात, वाळवतात, वजन करतात. स्वस्त आणि सुटसुटीत पद्धत आहे. पण 2017 च्या सुमारास पुडीची जाळी विणलेल्या कापडाऐवजी न विणलेल्या कापडाची झाली, आणि जुने-नवे आकडे थेट शेजारी ठेवता येईनात. म्हणून कुठलेही उपकरण, जाळी वा प्रयोगशाळेची पद्धत बदलायची वेळ आली, तर जुने आणि नवे निदान वर्षभर एकत्र चालव. बंद पडल्यावर धावाधाव करून बसवलेल्या नव्या सेन्सरची जुन्याशी सांगड कुणीही घालू शकत नाही.

नमुने जपून ठेव, नुसते आकडे पुरत नाहीत. रॉथॅमस्टेड या इंग्लंडमधल्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगातले जपलेले पीक दीड शतकानंतर डीएनए तपासायला वापरले गेले. गव्हावरच्या दोन बुरशींचे आपसातले प्रमाण हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराबरोबर बदलत गेल्याचे त्यात दिसले. नमुने भरून ठेवणाऱ्यांना डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता.

माणसांचा भाग तू यादीत शेवटी टाकला आहेस. तुझ्या एकट्याचा दोष नाही. अमेरिकेतले असेच निरीक्षणाचे जाळे 1980 मध्ये सुरू झाले, पण बाल्टिमोर आणि फिनिक्स ही शहरे त्यात आली ती 1997 मध्ये. कुटुंबांच्या पाहणीत प्रश्नातला शब्दही मोजपट्टीच असतो. ‘गेल्या वर्षी’ आणि ‘गेल्या 12 महिन्यांत’ यांची उत्तरे वेगळी येतात, तेव्हा ‘सुधारलेला’ प्रश्न जुन्याच्या जोडीला विचार, जागी नको. घर विभागले तर दोन्ही चुली धरायच्या की एकच, हे पहिल्या फेरीआधी लिहून ठेव. स्थलांतर करून गेलेल्यांचा माग ठेवला नाही, तर पाहणीत टिकून राहिलेलेच उरतात आणि वस्ती बरी चालल्याचे भासते. जंगलातल्या मोजणीच्या चौकटीचे स्थान अक्षांश-रेखांशाच्या पाच दशांशांपर्यंत, म्हणजे मीटरभर अचूक दे. घराचे मात्र उघड करू नकोस, तेवढ्याने माणूस ओळखू येतो.

माहितीच्या तक्त्यांबद्दल थोडक्यात. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, कारणासह. न मोजलेल्या जागी शून्य लिहायचे नाही. -9999 सारखा संकेत वापरलास तर तो शेजारच्या वर्णनात लिहिलेला हवा, नाहीतर कुणीतरी त्याची सरासरी काढतेच. तारीख वर्ष-महिना-दिवस, वेळ कुठल्या प्रमाणवेळेची तेही नोंद. माहिती किती महिन्यांत खुली करायची आणि श्रेय कुणाला, हे केंद्रांनी आधीच कागदावर ठरवावे; पहिला शोधनिबंध तयार झाल्यावर ही चर्चा गोडीत होत नाही.

कापलेली यादी पाठव. प्रत्येक बाबीपुढे मोजायला लागणारे तास आणि मोजणारा माणूस लिही. आणि बिल्ल्यांसाठी खिळे ॲल्युमिनियमचे घे, लोखंडी गंजतात.

तुझे,
जाळ्यातले जुने सहकारी