भरदुपारी बसमधून उतरून गेलेला जेम्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामुट्टीचा मल्याळम सिनेमा 'नन्पकल नेरत्तु मयक्कम' घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. बायकोला फार आवडला, तुम्ही आणि मेहुणा वैतागलात, आणि तेव्हापासून घरात वाद चालू आहे की शेवटी जेम्सला (म्हणजे त्यातल्या मामुट्टीला) नेमकं झालं काय. आणि दुसरं म्हणजे, एवढी बक्षिसं मिळालेल्या सिनेमाबद्दल लोकांची मतं इतकी दोन टोकांची का?

(ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं. पुढे सगळं सांगून टाकणार आहे.)

मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. आमच्याकडून दरवर्षी तमिळनाडूतल्या वेलंकनीला, मारियामातेच्या यात्रेला, माणसं जातात. मीही दोनदा गेलोय, एकदा लहानपणी आईबरोबर आणि एकदा चर्चमधल्या ग्रुपबरोबर. अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतातच. लॉजचं बिल तेच तपासणार, 'चला चला, उशीर होतोय' तेच ओरडणार, आणि तमिळनाडूतलं जेवण कसं आपल्या जिभेला चालत नाही हे घरी पोचेपर्यंत तेच सांगणार. सिनेमातला जेम्स मला दिसला तो असा. त्यामुळे सुरुवातीचा जो भाग बहुतेकांना 'काहीच घडत नाही' असा वाटतो, तो पाहताना मी खुदुखुदु हसत होतो. हे आधी सांगतोय, कारण माझं मत निःपक्षपाती नाही.

वेलंकनीहून केरळला परतणारी एक छोटी बस. दुपारचं जेवण झालंय, सगळे पेंगलेत. अचानक जेम्स जागा होतो, बस थांबवायला सांगतो, शेतातून चालत एका तमिळ खेड्यात जातो, एका घरात शिरतो, वाळत घातलेली लुंगी नेसतो आणि तिथलाच असल्यासारखा वावरायला लागतो. बोलतो तमिळ. त्या घरातला सुंदरम नावाचा माणूस दोन वर्षांपूर्वी निघून गेलाय, परतलाच नाही. जेम्स आता सुंदरम आहे. टीव्हीसमोर बसून असलेल्या आंधळ्या म्हातारीला यात काहीच वावगं वाटत नाही. बाकी सगळ्या गावाला वाटतं. बसमधली मंडळी, जेम्सची बायको आणि मुलगा त्याला शोधत येतात. एक रात्र जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा डोळा लागतो, आणि उठतो तो जेम्स. बस निघून जाते.

झालं काय, याचं उत्तर सिनेमा देत नाही आणि दिग्दर्शकाने ते लपवूनही ठेवलेलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. काही सिनेमे कोड्यासारखे असतात, त्यांत किल्ली कुठेतरी ठेवलेली असते आणि दुसऱ्यांदा पाहिलं की सापडते. इथे एकापेक्षा जास्त किल्ल्या उघड्यावर टाकल्यात आणि कुठलीच पूर्ण बसत नाही. सुरुवातीलाच लॉजमध्ये तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातल्या दोन ओळी येतात: मरण म्हणजे झोपी जाणं, जन्म म्हणजे झोपेतून जागं होणं. म्हणजे पुनर्जन्म म्हणा. पण जेम्स तर सुंदरम हरवण्याच्या कितीतरी आधी जन्मलाय, मग तोही हिशेब जमत नाही. बसवर नाटक कंपनीचं नाव दिसतं, म्हणजे हे सगळं नाटक म्हणा. अंगात आलं म्हणा. नुसतं स्वप्न म्हणा, शीर्षकच 'भरदुपारची गुंगी' अशा अर्थाचं आहे. माझी आई 'त्याला बाहेरचं लागलं' म्हणून मोकळी झाली, आणि तिला त्यापुढे शंका उरली नाही.

एक गंमत मात्र सांगतो, ती तुमच्या मेहुण्याला ऐकवा. दिग्दर्शक लिजो जोस पेल्लिश्शेरीला ही कल्पना सुचली ती एका जाहिरातीवरून, आणि ते त्याने मोकळेपणाने मान्य केलंय. ग्रीनप्लायची ती जुनी जाहिरात आठवते? बसमधला सरदारांचा छोटा मुलगा मध्येच उतरतो, एका जुन्या घरात जातो आणि तिथल्या म्हातारीशी तमिळ बोलायला लागतो. आपण सगळ्यांनी ती क्रिकेटच्या मॅचमध्ये पाहून सोडून दिली. प्लायवूड जन्मोजन्मी टिकतं, हा तिचा मुद्दा. लिजोने प्लायवूड काढून टाकलं आणि प्रश्न तेवढा ठेवला: तो मुलगा त्या घरातच राहिला असता तर बसमध्ये बसलेल्या त्याच्या आईबापांचं काय?

सिनेमा तिथे आहे, असं मला वाटतं. 'कसं झालं' हे गावकरी, नातेवाईक, बसवाले सगळे आपापसात विचारतातच, आपण वेगळं विचारायची गरज नाही. पाहायचं ते दोन बायकांकडे. जेम्सची बायको सॅली नवऱ्याला परक्या घरात परक्या बाईचा नवरा झालेला पाहते. सुंदरमची बायको पूंगुळलीची अवस्था त्याहून अवघड. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो चालत आलाय, चाल तीच, बोलणं तेच, तोंड मात्र दुसऱ्याचं. त्याला हाकलायचं की ताटात वाढायचं? ती फारसं बोलत नाही. तिच्या मुलीला तर हा बाप म्हणून नकोच आहे. तुमच्या पत्नीला सिनेमा आवडला याचं कारण बहुधा इथे कुठेतरी असेल, हा माझा अंदाज. तुम्ही जेम्सकडे पाहत होतात.

आता मतं टोकाची का, हा दुसरा प्रश्न. लोक सरळ म्हणतात की काहींना 'आर्ट फिल्म' झेपत नाही. हे मला अजिबात पटत नाही. मला वाटतं, तुम्ही-आम्ही मराठी माणसांनी हा सिनेमा अर्धाच ऐकला.

पहिल्यांदा मी तो इंग्रजी सबटायटलवर पाहिला. मल्याळमही इंग्रजीत, तमिळही इंग्रजीत, खाली एकसारखीच पांढरी अक्षरं. जेम्स शेतातून चालत गेला आणि बोलायला लागला तेव्हा मला फक्त 'हा विचित्र वागतोय' एवढं कळलं. ऑफिसातल्या एका मल्याळी मित्राबरोबर दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा त्या जागी तो चक्क दचकला. मी नव्हतो दचकलो. ज्याला तमिळ गाणं बसमध्ये वाजलेलं खपत नव्हतं, तो माणूस तोंड उघडतो आणि खेड्यातलं तमिळ बोलतो. बायकोला हाक मारतो ती तमिळमध्ये, भांडतो तमिळमध्ये. चमत्कार तिथे आहे, लुंगी नेसण्यात नाही. आपल्या बाजूने कल्पना करायची तर अशी करा: कोल्हापूरचा एखादा कट्टर माणूस, कर्नाटकाचा विषय निघाला की आवाज चढवणारा, धारवाडहून परतताना एसटीतून मध्येच उतरला आणि एका वाड्यात जाऊन अस्सल कानडीत 'जेवायला वाढ' म्हणाला. याला सबटायटल लागणार नाही. अंगावर काटा येईल नाहीतर हसू फुटेल, कंटाळा नक्की येणार नाही.

तेच पार्श्वसंगीताचं. वेगळं असं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जुनी तमिळ गाणी आणि जुन्या तमिळ सिनेमांचे संवाद सतत कुठल्या तरी टीव्हीवरून, रेडिओवरून कानावर पडत राहतात आणि त्या त्या प्रसंगावर जणू बाजूने बोलत असतात. तमिळ माणसाला त्यातली ओळन् ओळ पाठ. आपल्याला तो नुसता शेजारच्या घरातला गोंगाट. विचार करा, एखाद्या मराठी सिनेमात माणूस घर सोडून निघालाय आणि मागे कुठेतरी बाबूजींचं गीतरामायण चालू आहे. परप्रांतातल्या प्रेक्षकाला त्यातलं काय पोचेल?

मामुट्टीबद्दल वेगळं सांगायला नको. मराठी माणसाला तो जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मुळे माहीत आहे, त्या कामासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. तमिळमध्येही त्याने भरपूर काम केलंय, 1991चा 'दळपती' त्यातलाच. त्यामुळे दोन भाषांमधली ही उडी त्याच्याच तोंडी शोभते. हा सिनेमा त्याच्याच कंपनीने काढला. केरळ सरकारचे 2022 या वर्षाचे सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता हे दोन्ही पुरस्कार याला गेले.

आणि कुठे पाहिला यानेही फरक पडतो. डिसेंबर 2022 मध्ये तिरुवनंतपुरमच्या चित्रपट महोत्सवात याच्या खेळाला इतकी झुंबड उडाली की जागा न मिळालेल्या प्रतिनिधींनी निदर्शनं केली, आणि प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कारही यालाच मिळाला. पुढे जानेवारी 2023 मध्ये थिएटरला आला, साधारण महिन्याभराने नेटफ्लिक्सवर. थेनी ईश्वरचा कॅमेरा जवळपास संपूर्ण सिनेमाभर एका जागी ठाण मांडून बसतो, माणसं चौकटीत येतात, जातात. मोठ्या पडद्यावर त्या चौकटीच्या कोपऱ्यात कोण झोपलंय, कोण दारातून डोकावतंय हे दिसतं. घरी टीव्हीवर, मध्ये कुकरच्या शिट्ट्या आणि हातात मोबाईल, अशा वेळी ती चौकट म्हणजे नुसतं थांबलेलं चित्र.

तुमचा वैताग पूर्णपणे चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. मधल्या भागात, जेम्सला परत कसं न्यायचं याच्या चर्चा सुरू होतात तिथे सिनेमा रेंगाळतो, आणि ते रेंगाळणं मुद्दाम आहे म्हणून मला कमी कंटाळवाणं वाटलं नाही. पूंगुळलीला अजून दोन प्रसंग द्यायला हवे होते. दिग्दर्शकाने तिला गप्प ठेवलंय ते मला कधी सूचक वाटतं, कधी सोपी पळवाट. लिजोचा 'जल्लीकट्टू' पाहून याच्याकडे आलेल्यांची तर फारच निराशा होते, कारण तिथे सगळं गाव रेड्यामागे धावत असतं आणि इथे सगळं गाव झोपलेलं.

पुन्हा पाहणार असाल तर सांगतो. एखादा तमिळ किंवा मल्याळी शेजारी मिळाला तर त्याला चहाला बोलवा आणि त्याच्याबरोबर पाहा. तो कुठे हसतो, कुठे दचकतो तेवढ्यावर लक्ष ठेवलंत तरी पुरे. आणि रात्री पाहा. आम्ही पहिल्यांदा रविवारी दुपारी मटण-भात जेवून बसलो होतो. चौघांपैकी दोघं बस थांबायच्या आधीच झोपले, आणि आता तेच सगळ्यांना सांगत फिरतात की सिनेमा बकवास आहे.