व्हिडिओ गेममधली कथा समजून घेताना तत्त्वज्ञान उपयोगी पडते की विज्ञान?

दोन्ही उपयोगी पडतात, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. गेमचे अभ्यासक एस्पेन ऑर्सेथ यांनी 1997 मध्ये मांडले की काही संहिता, म्हणजे मजकूर, पुढे सरकण्यासाठी वाचकाला नुसते वाचून भागत नाही, प्रत्यक्ष खटपट करावी लागते. दुसरे गेम-अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी पुढे दाखवले की गेमचे नियमच एखादे मत पटवून देऊ शकतात.

2013 सालचा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम घ्या. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासता आणि तपासलेल्या माणसांच्या संख्येवर पगार मिळतो. एक नवरा कागदपत्रे दाखवून आत जातो. मागून आलेल्या बायकोकडे प्रवेश परवाना नसतो आणि परत गेले तर मला मारतील, असे ती सांगते. तिला आत सोडले की चूक नोंदवली जाते, अशा चुका वाढल्या की दंड बसतो आणि घरच्यांच्या जेवणाला, शेकोटीला पैसे उरत नाहीत. इथे दया करायची की नाही हा प्रश्न कोणी आपल्याला सांगत नाही, तो आपल्याच बोटाखालच्या शिक्क्यात असतो. कादंबरीला हे साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

विज्ञान हाच अनुभव तपासून पाहते: गेममधली हिंसा असमर्थनीय असेल तर खेळणाऱ्यांना अधिक अपराधी वाटते, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र ती अपराधी भावना योग्य आहे का, हे प्रयोगातून ठरत नाही; तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.