कठड्याजवळची जागा आणि कानातली शीळ

प्रश्न : २०११ साली मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या कार्यक्रमासाठी मी पुण्याहून रात्रीच्या बसने बंगळुरू गाठले होते. परवा बाणेरच्या मेटल कार्यक्रमात कानांत कापूस घालून स्पीकरलगत कठड्याला रेलून उभा होतो, तरी दोन दिवस कानांत शीळ वाजत राहिली. आता मागे उभे राहावे काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : कापसाने केवळ मनाचे समाधान होते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, परंतु दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. तेवढ्यात तर पहिली दोन-तीन गाणीच होतात. मेटॅलिकाचे ड्रमवादक लार्स उलरिक यांनाही कानातल्या या शिळेने गाठले आहे. स्पीकरपासून दूर सरकावेच, आणि संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्यावेत, कारण ते खालचे-वरचे स्वर जवळपास सारखेच दाबत असल्याने गिटारची धार बोथट होत नाही. कानाची पाळी वर आणि मागे ओढून ते नीट आत बसवावेत; अर्धवट खोचलेला इअरप्लग कापसाचाच भाऊ. शीळ पुन्हा आली किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.