'इट एंड्स विथ अस' वाचताना ढसाढसा रडले, रायल शेवटपर्यंत आवडत राहिला आणि त्याचीच लाज वाटते. पुस्तक चांगलं म्हणू की वाईट?

(ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळा शेवट येतो.)

लाज कशाला? कॉलीन हूवरने हे पुस्तक तुम्हाला रायल, म्हणजे नायिका लिलीचा मारहाण करणारा नवरा, आवडावा म्हणूनच लिहिलंय. माझ्या मते 2016 च्या या कादंबरीतलं सगळ्यात अस्सल काम तेच आहे. माझी तक्रार वेगळ्या माणसाबद्दल आहे.

आधी रायलबद्दल. पहिलं प्रकरण पुन्हा काढून बघा. वडिलांचा अंत्यविधी उरकून लिली बोस्टनमधल्या एका गच्चीवर येऊन बसलीय आणि रायल येतो तो थेट तिथल्या खुर्चीला लाथा घालत. म्हणजे लेखिकेने काहीच लपवलेलं नाही. पण दोन-चार पानांत तो देखणा, हुशार न्यूरोसर्जन इतकं गोड बोलतो की ती खुर्ची आपल्या डोक्यातून जाते. नंतर भाजलेल्या हाताचा प्रसंग येतो. लिली हसते, त्याचा हात चालतो, ती पडते. तेव्हा आपण लिलीच्याही आधी कारणं शोधायला लागतो: दारू प्यायला होता, दुखत होतं, लगेच माफी मागितली की! पुढे तो तिला जिन्यावरून ढकलतो, तेव्हा तर सरळ सांगतो की तू पडलीस, आणि क्षणभर वाटतं, खरंच पडली असेल. बाहेरून 'सोडून का नाही देत त्याला?' असं विचारणाऱ्या माणसाला या पुस्तकाने दोनशे पानं लिलीच्या जागी बसवलं. हे सोपं नाही.

लिलीची आई तिला जे सांगते ते मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत वरचं वाटतं. सहन करायची आपली एक हद्द ठरलेली असते, पण प्रत्येक मारहाणीनंतर ती थोडी-थोडी पुढे सरकते आणि शेवटी मूळ हद्द कुठे होती तेच आठवत नाही, अशा अर्थाचं ती बोलते. ही बाई मारणाऱ्या नवऱ्यासोबत राहिली. बाहेर तो गावाचा महापौर, प्रतिष्ठित माणूस. याच नवऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला उभी राहिलेली लिली गप्पच राहते. मला आईची आणखी शंभर पानं वाचायला आवडली असती.

त्याऐवजी आपल्याला मिळतो लिलीचा शाळेतला प्रियकर अ‍ॅटलस. माझी तक्रार ती हीच. शाळेच्या वयातल्या त्याच्या आठवणी, लिलीने टीव्हीवरच्या एलन डीजेनरसला पत्रांसारख्या लिहिलेल्या त्या डायऱ्या, पडक्या घरात राहणारा तो मुलगा, हे सगळं वाचायला छानच आहे. पण मोठा झालेला अ‍ॅटलस माणूस कमी आणि सोय जास्त आहे. लिलीला जखम झाली की हा हजर, आसरा हवा तर याचं घर आहेच, घटस्फोट झाल्यावर रस्त्यात भेटतो तोही हाच. त्यामुळे लिलीने केलेली अवघड गोष्ट बक्षिसासारखी दिसायला लागते. पुढे कोणी उभं नसताना ती निघाली असती तर? बऱ्याच जणींना तसंच निघावं लागतं. शिवाय लिलीचं स्वतःचं फुलांचं दुकान चालतंय, आणि रायलची सख्खी बहीण अलिसा मैत्रीण म्हणून तिला बजावते की त्याला परत घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस. इतकी तयारी किती जणींकडे असते?

दुसरं खटकलं ते रायलचं बालपण. सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून बंदूक सुटून भाऊ गेला, हे आपल्याला जिन्याच्या प्रसंगानंतर कळतं. नेमकं तिथेच! दुःख खरं आहे, पण त्या जागी ते वकिलासारखं उभं राहतं. आणि शेवटी लिली पोलिसांकडे जात नाही, बाळ ठरल्या वेळी त्याच्या हवाली करत राहते, यावर कादंबरी जवळजवळ काही बोलतच नाही. बाळाला कुशीत घेतलेल्या रायलला ती विचारते की तुझ्या मुलीने येऊन असं काही सांगितलं तर तू तिला काय सांगशील, तो प्रसंग जबरदस्तच आहे. मीही तिथे रडले. पण त्या रडण्यात पुढचा व्यावहारिक प्रश्न वाहून जातो.

पुस्तकाच्या शेवटी लेखिकेचं मनोगत आहे, ते वगळलं असेल तर जरूर वाचा. तिच्या आईने तिच्या वडिलांना सोडलं, ती हकीकत तिथे आहे आणि मला ती कादंबरीपेक्षा जास्त भिडली. म्हणूनच पुस्तक प्रेमकथा म्हणून ज्या पद्धतीने विकलं गेलं त्याचा जास्त त्रास होतो. 2023 च्या सुरुवातीला तर या कादंबरीवर रंग भरायचं पुस्तक काढायचं जाहीर झालं होतं! वाचकांनी झोडपल्यावर ते मागे घेतलं. मारहाणीच्या गोष्टीत कुठले रंग भरायचे होते कोण जाणे.

तेव्हा चांगलं की वाईट? रायल आणि आई यांच्यासाठी चांगलं, अ‍ॅटलससाठी नाही. 2022 मध्ये आलेला पुढचा भाग 'इट स्टार्ट्स विथ अस' बराचसा अ‍ॅटलस आणि लिलीच्या प्रेमाचाच आहे. तुमची घालमेल रायलवरून असेल, तर त्यासाठी तो भाग हातात घेऊ नका.